सातवा बोल

ऐका थोरांनो, ऐका लेकरांनो. फार फार वर्षांमागे डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य लहान, फौज त्याहून लहान. पण त्या फौजेच्या ताशाची कीर्ती मात्र दूरदूर पसरलेली.

त्या काळी रणात माणसाचा आवाज पोचत नसे. घोडे खिंकाळत, ढालींवर तलवारी आदळत. त्या गदारोळात सेनापती कितीही ओरडला, तरी दहा पावलांवरच्या शिपायाला ऐकू जात नसे. म्हणून सेनापती हातानं खूण करी आणि शेजारचा ताशेवाला ती खूण ताशावर वाजवी. गळ्यात अडकवलेल्या त्या उथळ वाद्याचा कडक आवाज दरी ओलांडून जाई. एका बोलावर फौज जमे, दुसऱ्यावर कूच करी, तिसऱ्यावर थांबे. डावीकडे वळायचा बोल वेगळा, उजवीकडचा वेगळा, चढाईचा वेगळा. आणि सातवा बोल होता माघारीचा.

हे सातही बोल शिकवणारा वस्ताद होता गोंदाजी. तरुणपणी एका खिंडीत त्यानं स्वतः सातवा बोल वाजवला होता. दोन जड ठोके, मध्ये एका श्वासाची जागा, मग लांब तर्री. म्हणजे दाणे सांडावेत तसे एकामागून एक, न तुटणारे बारीक ठोके. त्या बोलावर मागची रांग ढाली जोडून उभी राहिली, मधल्यांनी जखमी उचलले, आणि पुढचे पाठ न दाखवता पावलापावलानं मागे आले. चारशे माणसं आपापल्या घरी जेवायला परतली. म्हणून गोंदाजी शिष्यांना सांगत असे, “माघार म्हणजे पळणं नव्हे. पळणाऱ्याला ताशा लागत नाही.”

पुढे म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. शेजारच्या राज्यातले भाट जत्रेजत्रेतून गात फिरत, की या घराण्याला माघारीचा ताशा फार गोड लागतो. ते नव्या राजाच्या जिव्हारी लागलं. त्यानं भरदरबारात गोंदाजीला उभं केलं.

“वस्ताद, तुमच्या ताशाला बोल किती?”

“सात, महाराज.”

“आजपासून सहा. माझी फौज मागे फिरणार नाही. सातवा बोल जो वाजवील किंवा शिकवील, त्याचे दोन्ही हात मनगटापासून तोडले जातील.”

गोंदाजीच्या ओठांवर खिंडीतली ती गोष्ट आली होती. चारशे माणसं, महाराज, असं त्याला म्हणायचं होतं. त्यानं दरबाराकडे पाहिलं. म्हातारा सेनापती जमिनीकडे बघत होता. प्रधान पागोट्याचं टोक चाळवत होता. गोंदाजीनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि मान लववली.

“जशी आज्ञा.”

राजानं त्याच्या खांद्यावर शाल घातली. लोकांनी जयजयकार केला. गोंदाजी घरी आला, आणि चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी लागलं. माणसाचं असंच असतं.

नऊ वर्षं गेली. ज्यांनी सातवा बोल कानांनी ऐकला होता ते बहुतेक शिपाई म्हातारे होऊन घरी बसले. त्यांच्या जागी नवे आले. त्यांना सहाच बोल ठाऊक.

नवव्या वर्षी सुभाना नावाचा एक कुंभार फौजेत दाखल झाला. तिशीचा बाप्या, घरी बायको आणि दोन लेकी. गावची चिकणमाती संपली, चाक थांबलं, म्हणून तो इकडे आला होता. त्याच्या हातात भाला शोभेना. पण एकदा तो रिकाम्या घागरीवर सहज बोटं वाजवत बसला होता, ते गोंदाजीनं ऐकलं.

“मडकी थापटून हात तयार झालाय तुझा,” गोंदाजी म्हणाला. “शिकशील?”

“शिकेन, वस्ताद. पण वय झालं माझं.”

“वयाचं काही नाही. डाव्या हाताचं काय ते सांग.”

पहिले दोन महिने गोंदाजीनं त्याला ताशाला हात लावू दिला नाही. सुभाना एका सपाट दगडावर दोन काड्यांनी ठोके घाली. आधी एकेरी: उजवा, डावा, उजवा, डावा. मग दुहेरी: दोन उजवे, दोन डावे. चाल इतकी सावकाश, की मधल्या वेळात माणसानं पाणी पिऊन यावं. आणि मग हळूहळू वेग वाढवत न्यायचा, पण एकही ठोका दुसऱ्यापेक्षा जड होता कामा नये. सुभानाचा डावा हात मागे राही. गोंदाजी त्याचा उजवा हात उपरण्यानं कमरेला बांधून टाकी.

“डावा हात उजव्याचा धाकटा भाऊ आहे,” तो म्हणे. “घरात धाकट्याला कुरवाळतात. रणात त्याला थोरल्याएवढंच ओझं उचलावं लागतं.”

सुभानाच्या तळव्यांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. तो जेवताना पानाच्या कडेवर वाजवी, चालताना मांडीवर वाजवी. मग त्याच्या गळ्यात ताशा आला. विस्तवावर चामडं शेकून ताणायचं, काडी मुठीत न आवळता दोन बोटांत तोलायची, एका मोठ्या ठोक्याच्या पोटाशी एक लहान ठोका चिकटवायचा, हे सगळं त्यानं घेतलं. पावसाळा संपेपर्यंत त्याची तर्री अशी झाली, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला ठोके ऐकू येत नसत. कापड फाडल्यासारखा एकच लांब आवाज येई.

गोंदाजीला मूल नव्हतं. त्याला वाटलं, आपली विद्या आता कुठेतरी राहील.

सहा बोल पुरे झाले, त्या दुपारी सुभाना म्हणाला, “वस्ताद, एक विचारू का?”

“विचार की.”

“कूच आहे, चढाई आहे, थांबणं आहे. मग परत फिरायचं कशावर?”

गोंदाजीनं काड्या खाली ठेवल्या.

“म्हणजे मी भितो असं नाही,” सुभाना घाईनं म्हणाला. “पण आम्ही कुंभार. घडा भट्टीत घालतो तेव्हा बाहेर कसा काढायचा हे आधी बघून ठेवतो.”

नदीकाठी ते दोघेच होते. गोंदाजीनं काड्या उचलल्या. पहिला जड ठोका घालायला हात वर गेलाही होता. एवढ्यात पलीकडच्या वाटेनं राजाचा एक स्वार दौडत गेला. त्यानं इकडे पाहिलंसुद्धा नाही. पण गोंदाजीचा हात खाली आला.

“फिरायची वेळ येणार नाही,” तो म्हणाला.

“आणि आली तर?”

“चढाईचा बोल पुन्हा वाजव. तुझा डावा अजून कच्चा आहे.”

डावा कच्चा नव्हता. ते दोघांनाही ठाऊक होतं. सुभानानं वस्तादाचा मान राखला आणि चढाई वाजवली. गोंदाजीनं मनाशी ठरवलं, उद्या सांगू. मग दसरा झाल्यावर सांगू असं ठरवलं. आणि दसऱ्यालाच फौज शेजारच्या राज्यावर निघाली.

राजानं गोंदाजीलाही सोबत घेतलं. म्हाताऱ्यानं गळ्यात ताशा अडकवून आपल्यामागे उभं राहावं, तेवढीच शोभा. सुभाना मात्र सेनापतीच्या शेजारी, सगळ्यांच्या पुढे होता.

एका टेकडीवर राजा थांबला. खाली दरी होती आणि दरीत शत्रूची तुकडी पळताना दिसत होती. सेनापतीनं खूण केली. सुभानाच्या ताशानं चढाई दिली, आणि दोन हजार माणसं आरोळी ठोकून दरीत उतरली.

पळणारी तुकडी हे आमिष होतं. दोन्ही उतारांवरच्या झाडीतून शत्रू उठला. टेकडीवरून गोंदाजीला सारं दिसत होतं: दरीचं तोंड अजून मोकळं होतं. शंभर श्वासांचा अवकाश होता. ढाली जोडून मागे सरकले असते, तर बहुतेक सगळे बाहेर पडले असते.

दरीत काय झालं ते पुढे एका जखमी शिपायानं सांगितलं. म्हातारा सेनापती सगळं विसरून ओरडला, “सातवा! सातवा वाजव!”

“कोणता सातवा?” सुभाना म्हणाला. “सरकार, मला सहाच येतात.”

सेनापतीनं कपाळावर हात मारला. तो आणखी काही बोलणार, तोच त्याच्या गळ्यात बाण शिरला.

सुभाना एकटा उरला. फौज पुढे पुढे चालली होती. तिला निदान थांबवावं म्हणून त्याला जे येत होतं ते त्यानं वाजवलं. त्यानं थांबायचा बोल वाजवला. चोख, एकही ठोका न चुकता वाजवला. आणि दोन हजार शिस्तीची माणसं, दरीच्या ऐन मध्यावर, बाणांच्या पावसात, जागच्या जागी उभी राहिली.

टेकडीवर गोंदाजीच्या तोंडून हुंदका फुटला. त्यानं काड्या उचलल्या. राजाकडे पाहिलंही नाही. दोन जड ठोके, एका श्वासाची जागा, लांब तर्री. पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्याचा ताशा साऱ्या दरीत घुमला.

पण तो बोल कुणालाच कळेना. शिपाई माना वर करून टेकडीकडे बघत राहिले. कुणाला वाटलं जमाव करायचा आहे, कुणाला वाटलं उजवीकडे वळायचं आहे. पाचपंचवीस जुनी माणसं तेवढी मागे सरकू लागली. त्यांना सरकताना बघून नवे समजले, की हे जीव घेऊन पळताहेत. मग सगळेच पळाले. रांग मोडली. ढाली फेकल्या गेल्या. दरीच्या तोंडाशी माणसांनी माणसांना तुडवलं.

त्या गर्दीत एक ताशा अजून वाजत होता. सुभाना जागचा हलला नव्हता. त्यानं वर कान लावला होता. वस्ताद आता काय वाजवताहेत, ते त्याला उमगलं होतं. पहिल्या वेळी त्याची श्वासाची जागा चुकली. दुसऱ्या वेळी तर्री लवकर आली. तिसऱ्या वेळी तो बोल टेकडीवर जसाच्या तसा पोचला: दोन जड ठोके, एक श्वास, आणि ती कापड फाडल्यासारखी अखंड तर्री. गोंदाजीनं आयुष्यात याहून चोख सातवा बोल ऐकला नव्हता.

चौथ्या वेळी तर्री मध्येच थांबली.

दोन हजारांतले एकशेसाठ परतले. राजा वाटेत एकदाच बोलला.

“हे असं असतं, हे तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“आपण हात तोडले असते, महाराज.”

राजानं घोडा थांबवला. “तोडले असते,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आता शिकवा. सगळ्यांना शिकवा.”

गोंदाजी सरावाच्या मैदानात गेला. मैदानात कुणी नव्हतं. गावोगाव दवंडी पिटली, तरी एकही बाई आपला माणूस द्यायला तयार होईना. दोष तरी कुणाला द्यायचा?

शेवटी गोंदाजी सुभानाच्या घरी गेला. सुभानाची बायको दारात बसली होती. तिनं त्याला पाणी दिलं. त्यानं ते तसंच शेजारी ठेवलं.

“ते घरी आले की तुमच्याबद्दल बोलायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, वस्तादांनी एक बोल मागे ठेवलाय, तो एवढा शिकलो की झालं. आला का हो त्यांना?”

“आला, पोरी. बिनचूक आला.”

“कधी शिकवलात?”

गोंदाजीनं मान खाली घातली. ती उत्तराची वाट बघत राहिली. आत दोन लेकी भाकरीसाठी भांडत होत्या. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. म्हातारा उठला आणि वाटेला लागला. पुढे त्याला कुणी ताशा वाजवताना ऐकलं नाही.

बोध एवढाच, की जे वेळेवर सांगायलाच हवं ते भयापोटी गिळलं, तर पुढे जीव तोडून सांगितलं तरी समजणारा कुणी उरत नाही.