कवडीचं टणक अंडं

खाडीवर पूल नव्हता, पलीकडच्या माणसाला होडी हवी तर काठावरून हाक घालावी लागे, त्या काळातली ही गोष्ट. खाजणवाडीत आवडी भुवड नावाची बाई राहायची. नवरा वादळात गेला, लेकी लांब दिल्या, आणि घरात बोलायला उरली एक कोंबडी. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव कवडी. आवडी बोलायची आणि कवडी मान वाकडी करून ऐकायची. इतकं ऐकून घेणारा नवरासुद्धा कुणाला मिळत नाही, असं म्हणतात.

तर या कवडीची अंडी बिघडली. आधी कवच पातळ झालं, मग नुसत्या पापुद्र्यातलं, हातात घेतलं तर लोंबणारं अंडं यायला लागलं. शेवटी अंडं आतच अडायला लागलं. कवडी शेपूट पाडून कोपऱ्यात कण्हत उभी राही. आवडी तिला लाकडी काथवटीत कोमट पाण्यात बसवी, पोटाखालून तेलाचं बोट फिरवी, तेव्हा कुठे ती मोकळी होई. चार दिवस बरे जात, की पुन्हा तेच.

शेजारची ठकू म्हणाली, "आवडे, सुरी फिरव नि रस्सा कर. तिचे हाल सुटतील, तुझेपण."

"तुझी सासू वर्षभर खोकतेय," आवडी म्हणाली. "तिचा रस्सा कधी करतेस?"

ठकू पदर झटकून आपल्या घरात गेली. पण दुसऱ्याचं तोंड बंद केल्याने आपल्या कोंबडीचं अंडं सुटत नाही. कवडी कण्हली की आवडीलाच वाटे, ठकूचं खरं असेल. आपल्याला सोबत हवी म्हणून मुक्या जिवाला किती ताणायचं?

त्यात वाडीची एक रीत होती. बिनकवचाचं अंडं घराला उघडं पाडतं, म्हणून असली कोंबडी शिवेवरच्या राखणदार देवाला सोडायची. सोडायची म्हणजे कोल्ह्याला द्यायची, पण तसं तोंडाने कुणी बोलत नसे. शिमगा जवळ आला तसा गुरवाने निरोप धाडला, कोंबडी देवीच्या देवळात आण, गाऱ्हाणं घालू आणि शिवेवर नेऊ. आवडी कुणाचं ऐकणारी नव्हे. पण त्या दिवशी अंडं पुन्हा अडून सुटलं होतं आणि बाई थकली होती. कवडीला पदराखाली घेऊन ती निघाली.

गुरव गाऱ्हाण्याला उभा राहिला. आवडीने कवडीला खाली ठेवलं. अर्धमेली कोंबडी ती, पण उठली, लटपटत सरळ देवळाच्या भिंतीशी गेली आणि चुना टोचून टोचून खायला लागली. माणसांनी कानाला हात लावले. देवीची भिंत फोडते, आता तर शिवेवरच, असा गलका झाला.

आवडी मात्र बघत राहिली. लेकींच्या वेळी तिने स्वतः चुलीची भाजकी माती चोरून खाल्ली होती. पोटात घडत असतं त्याला काय हवं, ते आतूनच कळतं. पुरुषांना कुठून कळणार.

"गुरवबाबा," ती म्हणाली, "भिंत फोडत नाय ती. मागतेय. देऊळ कशानं लिंपलंत तुम्ही?"

"शिंपल्यांच्या चुन्यानं."

"मग तिनं तिच्या अंड्याची भिंत कशानं बांधायची?"

"आणि देवी कोपली तर?"

"देवी बाईमाणूस आहे. तिला पोटातलं कळतं. कोपली तर मला सांगेल, तुमच्याकडे कशाला निरोप देईल?"

गुरव हसला की रागावला, यावर अजून वाद आहे. पण म्हणाला, "शिमग्याची पालखी देवळाबाहेर पडेपर्यंत थांबतो. तोवर धड अंडं आलं नाय, तर मीच नेईन हिला."

आवडी ओहोटीला खाडीत उतरायची, शिंपले आणायची, चुलीत भाजून उखळात कुटायची. भरडा कवडीपुढे ठेवायची. आणि वर एक उफराटं काम तिने केलं. कवडीला डालग्याखाली अंधारात ठेवलं, दाणे कमी केले, म्हणजे अंडी घालणंच थांबावं. ठकू कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो, अंड्यावर जीव टांगलाय आणि तू अंडीच बंद करतेस?"

"अंडं नको मला," आवडी म्हणाली. "कोंबडी हवी. तिला आधी श्वास घेऊ दे."

दिवस गेले, अंडं आलंच नाही. पालखी सजली, ढोल लागला. आवडी डालगं घेऊन देवळाच्या वरच्या पायरीवर बसली होती. गुरवाने जड मनाने डालग्याखाली हात घातला, आणि हाताला कोंबडीऐवजी काहीतरी ऊन, गुळगुळीत लागलं. त्याने ते बाहेर काढलं मात्र, हातातून निसटलं. अंडं पायऱ्यांवरून ठकठकत थेट खाली गेलं. ढोल थांबला. अंड्याला चीर नाही, आणि खालच्या पायरीचा टवका उडालेला, असं म्हणतात. टवका आजही आहे. शहाणे म्हणतात, नारळ फोडताना उडाला असेल. म्हणोत.

कवडी पुढे पुष्कळ जगली. अंडी थोडीच दिली, ऐकलं मात्र सगळं.

खाजणवाडीत अजून शिमग्याआधी देवळाला नवा चुना देतात, पण खाली कोंबडीच्या उंचीएवढी पट्टी जुनीच ठेवतात. तिला आवडीची भिंत म्हणतात. घरोघरच्या बाया तिथे भाजक्या शिंपल्यांचा भरडा टाकतात, आणि चोच मारणाऱ्या कोंबडीला कुणी हुसकत नाही. पालखी उचलण्याआधी गुरव गाऱ्हाणं घालतो, "आणि या भिंतीशी आलेल्या मुक्या जिवासाठी, म्हाराजा, एका पालखीपुरतं थांबायची बुद्धी आम्हाला दे." मग सगळा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." बायांचा आवाज जरा मोठाच असतो.