रोपाची मिठाची कोठी

खाडीकाठच्या एका भातखाचरात एक बेडकी राहत असे. तिला पिल्ले पुष्कळ झाली, पण शेपटी गळताच सगळी उड्या मारत निघून गेली. म्हणून मुलांनो, बांधाजवळच्या एका भाताच्या रोपावरच तिचा जीव जडला. वारा आला की ती म्हणे, "बाळा, वाकून उभं राहा." वारा गेला की म्हणे, "आता सरळ हो." रोप बिचारे दोन्ही ऐके.

एकदा उधाणाची भरती आली आणि खाडीचे पाणी खाचरात शिरले. भरती ओसरली, पण माती खारट झाली. बेडकीच्या अंगाची आग आग झाली. बांधावर चढून ती ओरडली, "बाळा, मिठाचा कणसुद्धा आत घेऊ नकोस हं!" रोपाने तेही ऐकले. दुपारपर्यंत त्याची पाती सुतळीसारखी वळली. "मावशी," ते पुटपुटले, "पायाशी ओल आहे, पण पाणी आत येतच नाही गं. उलट माझंच बाहेर चाललंय."

तेवढ्यात बांधातल्या बिळातून खेकडा डोकावला.

"मेल्या, तुझ्याच बिळातून पाणी शिरलं!" बेडकी कडाडली.

"शिरलं खरं," खेकडा खजील होऊन म्हणाला. "म्हणून तर सांगायला आलो. मावशी, कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांचं पाणी कुठे जातं?"

"मिठाकडे."

"मग? सगळं मीठ मातीत, बाळाच्या पोटात काहीच नाही. पाणी त्याच्याकडे येईल कशाला? बाळा, मातीतले क्षार थोडे थोडे आत घे. पण अंगभर सांडू नकोस. पोटातल्या कोठीत ठेव आणि दार लाव."

"विष पाजतोस लेकराला?" बेडकीने डोळे वटारले. पण रोपाची मान पार ढळली होती. "घे बाबा, पण बेताने," असे म्हणून ती तोंड फिरवून बसली.

रोपाने कणाकणाने क्षार घेतले आणि कोठीत ठेवले. त्यांच्यामागून पाणीही आत आले. सकाळी पाती ताठ! बेडकीला इतका आनंद झाला, की तिनेही खाऱ्या पाण्याचा मोठा घोट घेतला आणि थुंकत, शिंकत बांधभर नाचली.

"मावशी, तुला कुठे कोठी आहे?" खेकडा हसला.

"नसू दे! बाळाला घे म्हणाले ती मीच ना?"

तेवढ्यात वारा आला. "बाळा, वाकून उभं राहा," बेडकी म्हणाली.

"मावशी," रोप म्हणाले, "आता वाकवत नाही गं."

तात्पर्य : ज्याची भीती वाटते त्यातलेही कामापुरते घ्यावे आणि जागच्या जागी ठेवावे, त्यानेच कणा ताठ राहतो.