उगवतीच्या वाटेचा नमुना

फार फार वर्षांपूर्वी माळाच्या कडेला मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. तिथे रीत अशी की, नवी वाट खोदली की तिचा मातीचा नमुना करायचा आणि वरच्या कोठारात येसूआक्कांकडे द्यायचा. आक्कांचा त्या कोठारावर भारी जीव. रेखीव नमुने पुढे आणि ओबडधोबड मागे, अशी त्यांची मांडणी. मोडू मात्र त्यांनी एकही दिला नाही.

एकदा सोनकी नावाची खोदणारी मुंगी नवा नमुना घेऊन आली. "आक्का, उगवतीच्या वाटेचं तोंड ढासळलंय. ते बुजवून वाट टेकाडाकडे वळवलीय. जुना नमुना तेवढा फोडून टाका."

"इतकं सुबक काम फोडू? राहू देत की दोन्ही," आक्का म्हणाल्या आणि सोनकीचा नमुना त्यांनी मागे सरकवला.

पुढे शेजारच्या शेतातला पाट फुटला आणि पाणी वारुळात शिरलं. मुंग्या अंडी उचलून कोठाराशी आल्या, बाहेर पडायला उगवतीच्या वाटेचा नमुना मागू लागल्या. आक्कांनी समोर दिसला तो दिला. त्याच्या भरवशावर सगळी रांग अंधारात उतरली.

सोनकी तळातलं शेवटचं अंडं घेऊन मागाहून आली. "कुठला दिलात?"

आक्कांनी पुढची रिकामी जागा दाखवली. सोनकी अंड्यासकट रांगेमागे धावली.

पाणी ओसरलं. कोठार उंचावर होतं, म्हणून कोरडं राहिलं. खालून कुणीच वर आलं नाही. आक्कांनी मागचा ओबडधोबड नमुना काढला, पुसला आणि पुढच्या रिकाम्या जागी नीट मांडून ठेवला. आता तो मागायला येणारं कोणी उरलं नव्हतं.