एकाच पळीचा काढा

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक वैद्य राहत. त्यांच्याकडे तीन शिष्य शिकत होते: थोरला, मधली आणि धाकटा. रोग्याजवळ पाळीपाळीने बसायचे, आणि पाळी बदलताना काय दिले, काय पाहिले, ते पुढच्याने खोदून खोदून विचारून घ्यायचे, असा वैद्यांचा दंडक होता.

या विचारण्यावरूनच तिघांची जुंपायची. एकदा मधलीने चार माणसांदेखत थोरल्याला विचारले, "लेप नक्की कोमट होता ना?"

"मी काय कालचा आहे का?" म्हणत थोरला आठवडाभर धुमसत राहिला.

वैद्यांच्या माघारी धाकट्याने तोड काढली. "कुणी कुणाला काही विचारायचंच नाही. मिटलं भांडण!"

आणि खरेच मिटले. शेजारीपाजारी कौतुक करू लागले, "पोरं कशी गुण्यागोविंदानं राहतात आता!" मधलीला मात्र त्या शांततेत घास गिळवेना.

एके दिवशी कुंभारणीची सहा वर्षांची लेक चिंचेवरून पडली. हात मोडला. वैद्यांनी हाड बसवले, कामट्या बांधल्या. इतक्यात परगावचे बोलावणे आले. जाताना ते बजावून गेले, "कळ सोसेनाशी झाली तरच गुंगीचा काढा द्या. दिवसभरात एकच पळी."

सकाळी थोरला पोरीजवळ बसला, मग धाकटा. दुपारी मधलीची पाळी आली. धाकटा एक शब्द न बोलता उठून गेला. तान्ह्याला पाजायला घरी गेलेली कुंभारीण तेवढ्यात परत आली. पोर झोपेतच कण्हत होती.

"बाई, द्या ना हिला काहीतरी," ती हात जोडून म्हणाली. "बघवत नाही हो."

मधलीने पळी भरली, पोरीच्या ओठांपाशी नेली आणि तिचा हात थांबला. वाटीतला काढा फारच खाली गेला होता. की तिलाच तसे वाटत होते? पोरीचा एक श्वास आला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. विचारावे, तर थोरला कुंभारणीदेखत दुखावणार, घर पुन्हा पेटणार. आणि संशय खोटा निघाला तर?

तिने पळी खाली ठेवली.

"दादा! दोघंही आत या. काढा दिलात का तुम्ही?"

"दिला की, एक पळी," थोरला दारातून म्हणाला. "आता त्याचाही जाब द्यायचा?"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मीपण दिला. रडत होती ती. मला वाटलं, तू दिला नसशील."

"विचारायला तोंड नव्हतं का?"

"आणि सांगायला तुला होतं?"

"विचारायचं नाही, असं कोण म्हणालं होतं रे?"

आवाज चढले. हंबरडा फोडायच्या बेतात असलेली कुंभारीण अचानक ओरडली, "थांबू नका! भांडा! तुमच्या आवाजानं तिनं डोळे उघडलेत!"

पोरीला गाढ झोपू द्यायचे नाही, हे तिघांनाही एकदमच उमगले. मधलीने तिला उठवून खांद्याशी टेकवून बसवले, धाकटा तोंडावर पाण्याचे हबके मारू लागला. आणि तिघे भांडत राहिले. लेपावरून, फुटलेल्या खलावरून, कुणी कुणाला कमी लेखले यावरून. महिनोन्‌महिने गिळलेले सगळे बाहेर आले. पोरीची मान कलली की थोरला आवाज वाढवी.

दिवेलागणीला पोर थोरल्याकडे बघत किरट्या आवाजात म्हणाली, "ह्या दादाचंच चुकलंय."

थोरला हसला. मग उपरण्यात तोंड लपवून रडला.

कुंभारणीने लेकीला छातीशी धरले. मग तिने विचारले, "पुन्हा असं नाही ना होणार?"

"चूक होईल, वहिनी," मधली म्हणाली. "पण यापुढे ती आमच्यात लपून राहणार नाही."

तात्पर्य एवढेच: सोबतीने काम करताना वेळेवर विचारलेला बोचरा प्रश्न परवडतो, गोडव्यासाठी गिळलेला प्रश्न तिसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर बेततो.