सैतानाला बोलावणारी नावं

"...आणि सबाओथपेक्षा मोठं नाव कोणतं, गुरुजी? ऐकून सैतानसुद्धा लटपटेल असं?"

हे विचारायला रुडिगर वर्षभरानं आला होता. ऱ्हाईन नदीकाठच्या त्या शहरातला नावाजलेला कवी. धर्मानं ख्रिस्ती, पण हिब्रू अक्षरं गिरवली ती यहुद्यांचे गुरुजी, रब्बी येकुतिएल, यांच्या पायाशी बसून. गुरुजींचा मुलगा अशेर तेव्हा शेजारी बसायचा. दोघांत एकच पाटी असे.

"कशाला हवंय?"

"ईस्टरच्या नाटकाला. मागच्या वर्षी आमच्या नाटकातला जादूगार रिंगणात उभा राहून तुमच्या प्रार्थनेतली देवाची नावं ओरडला, अदोनाय, सबाओथ. आणि सैतान हजर. लोक वेडे झाले नुसते. यंदा त्याहून जबर काहीतरी द्या."



स्वतःच्या कौतुकात माणूस किती आंधळा होतो पाहा. आत येताना दाराला ठोकलेल्या नव्या फळ्या या पठ्ठ्याला दिसल्याच नाहीत.

"मी तुला ती नावं कशासाठी शिकवली होती?"

"प्रार्थना वाचता यावी म्हणून."

"हं..."

"अशेर कुठंय? त्याला विचारतो. तो देईल."

"मागच्या वर्षी नाटक सुटलं त्या संध्याकाळी लोक आमच्या गल्लीत आले."

"हो, काहीतरी गडबड झाली म्हणे. मी तेव्हा बिशपच्या मेजवानीला होतो."

"तुमच्या ईस्टरच्या दिवसांत आम्ही यहुदी भीतीनं दारं उघडत नाही. अडसर घालून, दिवे मालवून बसतो. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"तुझ्या जादूगाराची ओळ ओरडत आले ते. तीच दोन नावं. अशेर म्हणाला, बाबा, बाहेर आपलंच कुणीतरी त्यांच्या तावडीत सापडलंय, देवाला हाका मारतंय..."

रुडिगरची नजर दाराच्या नव्या फळ्यांवर गेली.

"मलाही तसंच वाटलं. मी त्याला अडवलं नाही. त्यानं अडसर काढला."



मग रुडिगरनं झोळीतून नाटकाची चामडी पानं काढली. शाई खरवडायची सुरी काढली.

"खोडून टाकतो, गुरुजी. एकूण एक नाव खरवडतो. आत्ताच्या आत्ता."

सुरी टेकणार, तोच म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. त्या वाळक्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नसतं.

"देवाचं नाव एकदा लिहिलं की खोडायचं नसतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी."

"पण ते सैतानाच्या बोलावण्यात लिहिलंय."

"कुठंही लिहिलेलं असो."

सुरी खाली पडली. रुडिगर रडू लागला. ते रडणं खोटं नव्हतं; उगाच खोटं कशाला बोलायचं.

"मग मी करू काय, गुरुजी?"

म्हातारा भिंतीला धरून उठला. काठी घेतली. नव्या फळ्यांचं दार ढकललं.

"चल. अशेरला वेशीबाहेर पुरलंय. तिथं उभा राहा आणि तुझी ओळ म्हण..."

"ती? त्याच्यासमोर?"

"मोठ्यानं म्हण. त्या ओळीला त्यानं एकदा दार उघडलंय. बघू, पुन्हा उघडतो का."