मला नापास करा, महाराज!

“पास झालीस ना? मग चालती हो!” परवाना खात्याच्या नीळकंठपंतांनी लाछीला फर्मावलं. “उद्या सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर दिसली पाहिजेस!”

लाछी हातात नारळ घेऊन उभी. नारळ कसला, तर गजवैद्यकीच्या परीक्षेत पहिली आल्याचा! लांबच्या डोंगरी मुलखातली ही पोर हत्तींची विद्या शिकायला भोगनगरच्या गजशाळेत आली होती. आता परत जाऊन करणार काय? तिच्या मुलखात औषधालासुद्धा हत्ती नव्हता. सगळ्या शेळ्या न् मेंढ्या! आणि इथल्या हत्तींना सोडून दुसरीकडं कुठं जायचं तिच्या मनातही नव्हतं.

“पंत, मला इथंच काम करू द्या की!”

“परवाना लागतो.”

“मग द्या परवाना!”

“या राज्यात काम केल्याचा अनुभव आहे?”

“परवान्याशिवाय काम कसं करणार?”

“करून तर बघ, कोठडीत घालीन!”

“अहो, मग तो अनुभव यायचा कुठून?”

“ते आमच्या खात्याकडे येत नाही,” पंत म्हणाले आणि त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

आता या अकलेला काय म्हणावं! पण नियम खुद्द मल्लसेन महाराजांनी केलेला, आणि महाराज म्हणजे हट्टाला पेटले की देवाचंही ऐकायचे नाहीत. परमुलखातला माणूस शिकतोय तोवर खुशाल राहू दे, गुरुदक्षिणा मोजू दे. शिकून शहाणा झाला की हाकला त्याला! नापास झाला तर मात्र राहू दे, कारण तो बिचारा अजून शिकतोय. म्हणून तर परमुलखातले सुबुद्धकाका गजशाळेत ठाण मांडून होते. दाढी पांढरी झाली, पण परीक्षा काही सुटली नाही. आणि भोगनगरची पोरं? ती हत्तीच्या शेणाला नाक मुरडून केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंब उठली. महाराजांचा लाडका हत्ती गुलाबराव पाय टेकेना, ऊस खाईना! दसऱ्याची स्वारी तोंडावर आलेली. वैद्य शोधू लागले तर सापडले एकटे सुबुद्धकाका. त्यांनी मोठ्या थाटात लेप लावला, तोही धडधाकट पायाला! गुलाबरावानं सोंडेच्या एका फटक्यात त्यांना गवतात बसवलं.

माहूत म्हणाला, “महाराज, लाछीताईंना बोलवा. दुसऱ्या कुणाचं हे काम नाही.”

लाछी आली. महाराज गरजले, “हत्ती बरा कर!”

“करते की! परवाना द्या.”

“नियम, महाराज, नियम!” पंत मध्येच बोलले.

“मी केलेला नियम मीच मोडू? छट्!” महाराजांनी मिशी पिळली. “पोरी, काम करायचं नाहीस आणि हत्ती बरा करायचास! नाही जमलं तर संध्याकाळी तू वेशीबाहेर!”

लाछीनं गुलाबरावाकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रोज नदीवर तिनंच घासलेला हत्ती तो. ती झटकन वळली.

“मला नापास करा, महाराज!”

“आँ? डोकं ठिकाणावर आहे का?”

“पास झालेल्यानं हत्तीला हात लावला की ते काम. नापासानं लावला की तो अभ्यास! आत्ता काकांनी भलत्याच पायाला लेप थापला, त्यांना कोणी कोठडीत घातलं?”

पंतांनी डोकं खाजवलं. “बसतं खरं नियमात.”

“नापास!” महाराज ओरडले.

लाछीनं पदर खोचला. तळपायातलं गळू शोधलं, छेद दिला, पू काढला, निंबाच्या पाण्यानं जखम धुऊन पट्टी बांधली. थोड्या वेळानं गुलाबरावानं हळूच पाय टेकला आणि समोरच्या उसाच्या मोळीचा फडशा पाडला.

“शाबास! पंत, हिला परवाना द्या.”

“देता येत नाही, महाराज,” पंत म्हणाले. “हा तर अभ्यास होता. कामाचा अनुभव शून्य! आणि हत्ती बरा झाला म्हणजे ही पुन्हा पास झाली. चालती हो गं!”

लाछीनं शांतपणे हात जोडले. “पंतांचं बरोबर आहे. निघते मी. जखम ओली आहे, पट्टी रोज बदलावी लागेल. सुबुद्धकाका बदलतील.”

काका गवत झटकत पुढं आले. “हो हो, बदलतो की! कुठल्या पायाची?”

गुलाबराव मागं सरकला. महाराजांना घाम फुटला.

“थांब, पोरी! दरवर्षी माझ्या गजशाळेतून एवढे वैद्य बाहेर पडतात, ते जातात कुठं?”

“बाहेरच पडतात ना महाराज, वेशीच्या बाहेर! शेजारच्या राजानं नाक्यावरच मांडव घातलाय. उंबरा ओलांडला की गळ्यात हार, हातात परवाना! शिकवायची दगदग आपली, हत्ती धावतात त्यांचे. औंदाची शर्यत कुणाच्या हत्तीनं मारली, आठवतं ना?”

महाराजांना चांगलंच आठवत होतं. ते पंतांवर गरजले, “हे मला कोणी सांगितलं का नाही?”

“ते आमच्या खात्याकडे...” पंत पुटपुटले.

“पुरे! नियम रद्द! आत्ताच्या आत्ता रद्द! लाछी, आजपासून तू माझी राजगजवैद्य. आणखी काय हवं ते माग!”

“एकच मागणं आहे, महाराज. नियम आज नको, उद्या रद्द करा.”

“का गं?”

“आज सुबुद्धकाकांना पास करायचंय! शेजारच्या राजाला आपल्याकडून एवढा शेवटचा वैद्य जाऊ द्या!”

महाराज असे हसले, असे हसले की मुकुट घरंगळत गुलाबरावाच्या पायाशी गेला. हसता हसताच त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून लाछीच्या गळ्यात घातला, आणि डोळे पुसत फर्मावलं, “पंत, बघता काय? काकांना पहिल्या नंबरानं पास करा!”