ठकूचा खंड

सावरगावच्या कोष्टीआळीत घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. मधोमध तेवढी एका घराएवढी जागा उघडी आहे. तिला ठकूचा खंड म्हणतात. पाहुणे विचारतात, इथलं घर पडलं का? आळीतले म्हातारे वामनबुवा पराते सांगतात, पडलं नाही, पाडलं. तेही घरमालकिणीनं.

फार पूर्वी म्हणे हा खंड नव्हता. साऱ्या घरांवर गवताचं छप्पर आणि छपराखाली एकच सलग माळा, कापसानं नि सुतानं ठासलेला. चैत्रातल्या एका दुपारी रंगाऱ्याच्या भट्टीची ठिणगी टोकाच्या घरावर पडली. लोक ज्वाळा दिसत होत्या तिथेच पाणी मारत राहिले. आळीच्या मध्यावर राहणाऱ्या ठकू नावाच्या विधवेला मात्र वेगळंच दिसलं. ज्वाळांच्या कितीतरी अलीकडे, जिथे अजून काहीच पेटलं नव्हतं, तिथल्या वळचणीतून काळा धूर गळत होता. आग माळ्यावरून आतल्या आत चालून येत होती. बघता बघता ते घर एकदम भडकलं. मग त्याच्या शेजारचं.

ठकूनं कुऱ्हाड उचलली आणि स्वतःच्याच घराच्या खांबावर घातली. दीर आडवा आला. म्हणाला, वहिनी, दादाचा माग आहे आत. तिचा हात थबकला, असं सांगतात. मग ती म्हणाली, "माग जाणारच आहे, भावजी. पण आगीला पुढचं घर मी देणार नाही."

तेव्हा दीरानंच छपराला दोर लावला. माग निघेना, तोही तोडला. वासे, गवत, कापूस, सगळं लांब नेऊन टाकलं. आग आली, उघड्या जागेच्या काठाशी धुमसत राहिली आणि तिथेच विझली. पलीकडची आळी वाचली.

पुढे पाटलानं फर्मावलं, ओळीत भगदाड बरं दिसत नाही, घर पुन्हा उभारा. ठकू नाही म्हणाली. त्याची माणसं खड्डा खणून खांब आणायला गेली. परतली तर ठकू खड्ड्यात उभी.

"आधी मला पुरा," ती म्हणाली, "मग खांब रोवा."

तिच्यामागे एकेक करत आळीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. माणसं खांब घेऊन माघारी गेली.

आजही त्या जागेवर छप्पर चढत नाही. लग्नाचा मांडवसुद्धा अलीकडे वेगळा, पलीकडे वेगळा. नवरानवरी मधला खंड उन्हातून ओलांडतात. परवा एका दुकानदारानं तिथे ताडपत्री बांधली होती. आळीतल्या बायका गेल्या, गाठी सोडल्या, आणि घडी घालून ती त्याच्या हातात दिली.